पाच डोंगरांच्या अलीकडे

बाही बुडवायची ठरली आहे हे तिला मंगळवारी सकाळी चहाच्या टेबलापाशी कळलं, आणि तेही दुसऱ्याशीच चाललेल्या बोलण्यातून. नियमवाला चित्रकाराला सांगत होता, "निळ्याचा हात बसवून ठेव, यंदा पाणीच पाणी काढायचंय." चित्रकार म्हणाला, "कुठलं जग?" नियमवाला म्हणाला, "बाही," आणि मग त्याला ती दिसली, आणि हातातल्या बिस्किटावर काहीतरी महत्त्वाचं लिहिलेलं असावं तसा तो बिस्किटाकडे बघत राहिला. ती चमचा ढवळत होती. साखर कधीच विरघळली होती, तरी ती ढवळत राहिली. मनात आलं, पाणीच पाणी, निळ्याचा हात. आणि सवयीने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. निळ्याचा हात, जोडाक्षराची दोन आणि स्पेस धरून सात. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि बराच वेळ तिला काहीच झालं नाही. ठेच लागल्यावर दुखायच्या आधी असतो तसला तो वेळ होता.

ती जिथे एकोणीस वर्षं नोकरी करत होती ती कंपनी पत्त्यांचा एक खेळ काढायची. आपल्या राजा-राणी-गुलामाचे पत्ते नव्हेत. या पत्त्यांवर जगं होती. एकूण एकतीस जगं, आणि ती सगळी एकाच वेळी, एकमेकांना खेटून, एकमेकांच्या नकळत चाललेली. खेळणारा म्हणजे वाटसरू. हातात सात पत्ते घेऊन तो एका जगातून दुसऱ्यात जायचा, आणि जाताना जो उंबरा ओलांडायचा तो उंबरा आहे हे त्याला ओलांडून झाल्यावरच कळायचं. एका जगात नुसते जिने होते, मजला एकही नाही; माणसं पायऱ्यांवरच जन्मायची, पायऱ्यांवरच म्हातारी व्हायची, आणि वर चढणारे खाली उतरणाऱ्यांना नावं ठेवायचे. एका जगात नऊशे वर्षांत मूल जन्मलेलं नव्हतं, आणि सगळ्यांत धाकट्या नऊशे वर्षांच्या बाईला अजूनही सगळे 'बाळ' म्हणायचे. प्रत्येक पत्त्यावर वर चित्र, मधे नियम, आणि तळाशी तिरक्या अक्षरांत एक ओळ. चित्र चित्रकाराचं, नियम नियमवाल्याचा, आणि तळओळ तिची. ओळीने जिंकता येत नव्हतं की हरता येत नव्हतं. खेळाच्या दृष्टीने ती असून नसून सारखीच होती. पण पन्नास अक्षरांत, मधल्या स्पेस धरून, त्या जगाचा वास तेवढा तिथून यायचा. कचेरीत तिला सगळे ओळबाई म्हणत. एकोणीस वर्षांत कुणीही काहीही बोललं की आधी अक्षरं मोजायची आणि मग अर्थ लावायचा अशी तिची खोड झाली होती, आणि त्यामुळे भांडणात ती नेहमी एक पाऊल मागे राहायची.

दुपारी जगप्रमुखांनी बोलावलं. हा हुद्दा खरोखरच होता, दारावर तशी पाटी होती, आणि आत एक साधा, पाठदुखीने बेजार झालेला माणूस उभ्यानेच काम करत असायचा. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण तुम्हाला सांगायचं म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो." मग त्यांनी सांगितलं ते काही चूक नव्हतं. अकरा वर्षं झाली, दोनशे चौदा पत्ते झाले, आता बाहीत नवं काही निघत नाही. दक्षिणेचा समुद्र चढेल, रुंद बाजूने आत शिरेल, लोक उत्तरेकडे पळतील, तिकडे जमीन निमुळती होत जाते आणि पुढे पाच डोंगर आडवे आहेत. मग काय, संपलं. शेवटचा पत्ता 'पूर'. तो टाकला की बाहीचे सगळे पत्ते पालथे. "छान बंद होतंय," ते म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे, वाईटच, पण छान." ती म्हणाली, "हो." जगप्रमुख पाठ चोळत म्हणाले, "रिवाज तुम्हाला माहीतच आहे." रिवाज तिला माहीत होता. कचेरीच्या लांब भिंतीवर एकतीस जगांच्या एकतीस पाट्या टांगलेल्या होत्या. जग बंद झालं की ज्याने ते आणलं त्यानेच शेवटच्या पत्त्याची ओळ लिहायची, आणि त्यानेच आपल्या हाताने ती पाटी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चार पाट्या आधीच भिंतीकडे तोंड करून होत्या. "पुढच्या सोमवारपर्यंत ओळ द्या," ते म्हणाले.

ज्याने आणलं त्याने. हे तीन शब्द ती जागेवर परत येईपर्यंत पेरांवर मोजत राहिली. अकरा वर्षांपूर्वी याच मजल्यावर सगळे तीन दिवस डोकं धरून बसले होते. नवं जग हवं होतं आणि कुणालाच सुचत नव्हतं. कुणी काचेचं म्हणे, कुणी ढगांचं म्हणे, आणि नियमवाला प्रत्येकाला विचारत होता, "तिथे माणूस पडला तर कुठे पडतो, एवढं सांगा." तेव्हा तिचं तोंड आपोआप उघडलं होतं. "माझ्याकडे एक आहे," ती म्हणाली होती. माझ्याकडे. मग ती तासभर बोलत राहिली. बाहीच्या आकाराचा देश, त्याचा खांदा, त्याचं कोपर, खडूची माणसं, काठाकाठाने खाचांची गावं. आणि ती थांबली तेव्हा नियमवाला आपला प्रश्नच विसरला होता. चित्रकार तर रडवेला झाला होता. त्या दिवशी घरी जाताना ती आनंदाने चालत होती, आणि आनंदाच्या खाली, बुटात रुतलेल्या बारीक खड्यासारखं, ते 'माझ्याकडे' टोचत होतं. फोन करून दादाला सांगावं असं तिला वाटलं. उद्या सांगू, असं वाटलं. पत्ते छापून आले की दाखवू, असं वाटलं. मग पत्ते आले, आणि अकरा वर्षं गेली.

कारण बाही तिची नव्हतीच. म्हणजे होती, पण एकटीची नव्हती. त्यांची आई एका दुकानासाठी कोट बेतून द्यायची. घरात दोनच खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड कापायचं मोठं टेबल; घर नंतर आलं असावं आणि टेबल आधीपासूनच असावं इतकं मोठं. वडील फिरतीच्या नोकरीवर. शाळा सुटल्यावर आई आतल्या खोलीत मशीनवर बसायची आणि दोघांना दटावून सांगायची, "टेबलावर काय वाट्टेल ते करा, पण आवाज नको." दादा दहा वर्षांचा, ही पाचाची. कोटाच्या मापाचे खाकी कागद टेबलावर पडलेले असायचे. पाठ, पुढा, कॉलर, आणि बाही. बाहीचा कागद एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता, मधे कोपरापाशी किंचित वळलेला. दादा म्हणाला होता, "हा देश आहे." एवढंच म्हणाला होता, पण असं म्हणाला होता की त्यानंतर ती बाही राहिलीच नाही. तो जमीन काढायचा आणि ती माणसं ठेवायची, अशी वाटणी होती. तो खडूने नदीचा घाट काढायचा आणि विचारायचा, "टाचणे, इथे कोण राहतं?" जमिनीवर पडलेल्या टाचण्या वेचणं हे तिचं घरातलं काम होतं, म्हणून टाचणी. ती पत्र्याच्या डब्यावर बसायची, तरी तिची हनुवटी जेमतेम टेबलाच्या कडेला टेकायची, आणि तिथून देश डोळ्यांच्या पातळीवर दूरवर पसरलेला दिसायचा. ती विचार करायची आणि म्हणायची, "इथे पोहता न येणारा नावाडी राहतो." "बरं," दादा म्हणायचा, आणि नावाड्याला घर काढून द्यायचा. खडूची माणसं तिचीच. पाण्याचा थेंब पडला की ती पुसली जातात, म्हणून ती सगळी कोरड्या उंचावर राहतात आणि आभाळाकडे बघत बसतात. नदी मात्र आईची होती. कापडाचा उभा धागा कुठून जातो हे दाखवायला आई कागदाच्या मधोमध पट्टीने रेघ मारायची, ती रेघ म्हणजे नदी, आणि शिवण जुळवायला तिने कागदाच्या कडेला पाडलेल्या खाचा म्हणजे गावं. त्यामुळे बाहीची नदी एकोणतीस पत्त्यांवर सुतासारखी सरळ वाहत होती, आणि खेळणारे पत्रं पाठवून विचारायचे की नदी अशी कशी. "आहे बुवा सरळ," ती म्हणायची. दक्षिणेच्या समुद्रात एक लोखंडी बेट होतं, तेही तिला ठाऊक होतं. कागद गुंडाळू नये म्हणून तिच्या बाजूला आईची जड कात्री ठेवलेली असायची. बाहीतल्या सगळ्या गोष्टींचा उगम ती टेबलावर बोट ठेवून सांगू शकली असती. फक्त पाच डोंगर कुठून आले ते तिला कधीच आठवत नसे. ते होते एवढं पक्कं होतं. उत्तरेला, निमुळत्या टोकापाशी, एका रांगेत पाच, आणि शेवटचा जरा बाहेरच्या अंगाला वाकलेला, बाकीच्यांवर रुसल्यासारखा. चित्रकाराने एकदा तो सरळ काढला होता तर तिने तो पत्ता परत पाठवला होता. "वाकडाच आहे तो," तिने बाजूला लिहिलं होतं. त्याने विचारलं का, तर तिने पुन्हा तेच लिहिलं होतं.

तो आठवडा तिने पाण्याखाली असल्यासारखा काढला. कचेरीत सगळे तिच्याशी हळू बोलत होते, घरात कुणी गेल्यासारखे, आणि ते तिला आवडतही होतं आणि चीडही येत होती. ती ओळी लिहायची आणि खोडायची. 'आणि समुद्राने सगळं पुसलं.' छे. 'नावाडी शेवटी पाण्यात उतरला.' यावर ती थोडी रडली, मग तिला वाटलं, हे स्वस्त आहे, आणि तीही खोडली. रस्त्याने चालताना तिला उंबरे दिसत. दोन इमारतींमधली चिंचोळी बोळ, सिग्नलपाशी उघडं राहिलेलं गटाराचं झाकण, न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर लावलेले आरसे. प्रत्येकातून कुठलं ना कुठलं जग जरासं डोकावून मागे होत होतं. बसमध्ये समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला तिने मनात 'बाळ' म्हटलं आणि बाई हसली. योगायोग असेल. पुलावरून जाताना तिने खाली पाहिलं आणि पाण्याच्या कडेला कोरड्या दगडांवर दाटीवाटीने उभी असलेली खडूची माणसं तिला क्षणभर अगदी स्वच्छ दिसली. ती आभाळाकडे बघत नव्हती. तिच्याकडे बघत होती. तेव्हा तिला कळलं की ओळ सुचत नाही याचं कारण पन्नास अक्षरं नव्हेत. दुसऱ्याची वस्तू नेली, अकरा वर्षं वापरली, आणि आता न विचारताच मोडून टाकायची, आणि वर तिच्यावर शेवटची ओळ आपण लिहायची. आईने पाहिलं असतं तर पट्टीने हातावर एक दिली असती.

दादा याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. भांडण वगैरे कधीच झालं नव्हतं; झालं असतं तर मिटलं तरी असतं. आई गेली तेव्हा दोघांनी मिळून ते घर रिकामं केलं होतं. टेबल कुणाच्या दारातून जाईना, म्हणून दादाने त्याचे पाय कापून ते नेलं आणि आपल्याकडे पुन्हा पाय बसवले. तिने कात्री घेतली. दोघंही एकमेकांना "तुला अजून काही हवं का?" असं परक्यासारखं विचारत होती. त्यानंतर वर्षातून दोन फोन. तब्येत, हवा, वहिनीच्या गुडघ्याचं दुखणं. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर तो लोकांना वरखाली पोचवत राहिला आणि ती नसलेल्या ठिकाणी पोचवत राहिली, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण सांगायचं कुणाला? गुरुवारी तिने फोन केला. "शनिवारी येऊ का?" दादा म्हणाला, "ये की." मग म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "ठीक आहे." ठीक आहे, स्पेस धरून पाच. खोटं बोलायला फार अक्षरं लागत नाहीत.

शनिवारी दुपारी ती गेली तर दादाच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती जिन्याने चढायला लागली. पहिल्या मजल्यावर कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं, दुसऱ्यावर एक सायकल, तिसऱ्यावर बंद दारामागून कुणी गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणत होतं, आणि तिला वाटायला लागलं की चौथा मजला येणारच नाही. नुसते जिने, आणि ती पायरीपायरीने म्हातारी होत वर चाललेली. सांगितलं तर काय होईल? तो म्हणेल, चोरलंस. मग वर्षाचे दोन फोनही जातील, आणि त्या टेबलापाशी आपण पाच वर्षांच्या होतो हे ज्याला माहीत आहे असा जगातला एकुलता एक माणूस जाईल. तिला हीच भीती होती. समुद्राची नव्हती. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि परत फिरावं का याचा तिने खरोखर विचार केला. वरून आवाज आला, "दमलीस काय गं? लिफ्टचा पार्ट मागवलाय, सोमवारी येईल." दादा दारात उभा होता. केस पार पिकले होते.

वहिनी बाहेर गेली होती. खोलीत टेबल होतं. आता ते खोलीच्या मानाने एवढं मोठं वाटत नव्हतं, पण कडेला आईच्या कात्रीचे जुने चरे तसेच होते. दादाने चहा केला आणि दोघं बसली. कुणी ठरवलं नाही, पण तो त्याच्या बाजूला बसला आणि ती तिच्या. तिने वाकून पिशवीतून पत्त्यांचा गठ्ठा काढला, दोनशे चौदा, रबरबँड लावलेला, आणि टेबलावर ठेवला. मग रबरबँड बोटाने सरळ केला. दादाने गठ्ठ्याकडे पाहिलं, उठला, कपाटातली हत्यारांची पिशवी आणली, तिच्या आतल्या खणातून एक पत्ता काढला आणि गठ्ठ्याशेजारी ठेवला. कोपरे झिजलेला, तेलाचा डाग पडलेला पत्ता. 'मनगटाची खिंड'.

"लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात काय काय पडतं, तुला सांगतो," दादा म्हणाला. "किल्ल्या, चष्मे, एकदा तर कवळी. आठ वर्षं झाली असतील. एका कचेरीच्या लिफ्टखाली उतरलो होतो, बॅटरी मारली तर हा. म्हटलं, ही खिंड आपण कुठंतरी बघितलीय."

"आठ वर्षं?" ती म्हणाली. "आणि तू काही बोलला नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील."

तिला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. ती म्हणाली, "दादा, मी तुला विचारायला हवं होतं. मी तिथे म्हणाले, माझ्याकडे आहे. आपल्याकडे म्हणाले नाही. आणि आता ते बुडवतायत, आणि शेवटची ओळ मी लिहायचीय, आणि मला ती येत नाहीये." एका दमात एवढं बोलली आणि एकही अक्षर मोजलं नाही हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दादा चहाच्या कपाकडे बघत होता. "वाईट वाटलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? चांगलं वर्षभर वाटत होतं. तुझा फोन आला की हिला द्यायचो, तुम्हीच बोला म्हणायचो. मग एकदा वाटलं, जमीन माझी असेल, पण राहत होते ते सगळे तुझेच की. मी नुसता घरं बांधून द्यायचो." तो जरा हसला. "पण टाचणे, एवढं मात्र सांगतो. मला विचारलं असतंस तर सगळं उलटं तरी नसतं झालं."

"उलटं म्हणजे?"

"खिंड वर काढलीय तुम्ही. नदी वरून खाली येते, समुद्र खाली. कुठल्या कुठे. आपला समुद्र वरच्या अंगाला होता. तिकडून नदी खाली यायची, माझ्याकडे."

"नाही रे," ती म्हणाली. "समुद्र माझ्या पुढ्यात होता. कात्रीचं बेट माझ्या नाकासमोर होतं."

"तुझ्या नाकासमोर असेल. तू समोर बसायचीस ना! मी नावं लिहिली होती सगळी, पण तुला कुठे तेव्हा वाचता येत होतं?"

तिने पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. दोनशे चौदा पत्ते, दोन नकाशे, अकरा वर्षं खेळणाऱ्या हजारो वाटसरूंची दक्षिण आणि उत्तर. सगळं टेबलाच्या एका बाजूला डब्यावर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एका मुलीने पाहिलं म्हणून. नियमवाल्याला हे कळलं तर तो रजेवर जाईल. तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "आणि हे काय लिहिलंय?" दादा चष्मा लावून खिंडीच्या पत्त्याची तळओळ वाचत होता. "'पाच डोंगरांच्या पलीकडे कुणी गेलं नाही.' डोंगर कुठले? आपली खिंड म्हणजे नुसती चिंचोळी वाट, बाहीत डोंगर नव्हते."

"होते."

"टाचणे, मी काढलीय ती. डोंगर नव्हते."

"होते दादा. पाच होते. शेवटचा वाकडा." तिचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी भांडत होती, आणि तिला बरं वाटत होतं. "सगळं उलटं असेल, पण डोंगर होते. मी रोज बघायची."

"थांब," तो म्हणाला. कपाटामागून त्याने मागे कधी एक पार्ट गुंडाळून आलेला खाकी कागद काढला, टेबलावर पसरला. कागद दोन्हीकडून सुरकन गुंडाळला. तिच्या बाजूला त्याने पकड ठेवली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि अजिबात न अडखळता रेघ ओढली. रुंद खांदा, किंचित वळलेलं कोपर, निमुळतं मनगट. पुन्हा बाही, साठीच्या माणसाच्या हातची, पण तीच. त्याच्या बाजूचं टोक वर उचलायला लागलं तसा त्याने डावा हात कागदावर पालथा दाबून धरला आणि उजव्याने नदी मारू लागला. तिने हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली. का टेकली, तिला सांगता आलं नसतं. आणि तिथून, पार उत्तरेला, खिंडीच्या तोंडाशी, तिने ते पाहिले. एका रांगेत पाच. शेवटचा बाहेरच्या अंगाला वाकलेला. ती पाच वर्षांची असताना तिनेच लोटलेल्या दारात सापडलेली, पुन्हा कधी नीट सरळ न झालेली करंगळी.

ती उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. इथून समुद्र लांब वर होता, नदी सरळ तिच्याकडे वाहत येत होती, खाचांची गावं काठाकाठाने खाली उतरत होती, आणि डोंगर कुठेच नव्हते. एक हात होता, शिरा आलेला, नखांत तेल गेलेला. दादाच्या काही लक्षात आलं नव्हतं. तो मान खाली घालून नावाड्याचं घर काढत होता. तिकडे, खांद्यापाशी, पाणी चढायला लागलं होतं आणि खडूची माणसं आपापल्या कोरड्या उंचावरून उतरून वाटेला लागली होती. म्हातारी पुढे, पोरं कडेवर. तिच्या ओठांवर ओळ आली, आणि तिने ती सवयीने पेरांवर मोजली. डोंगर नव्हतेच ते. जग गुंडाळून जाऊ नये म्हणून कुणीतरी हात ठेवला होता. पंचेचाळीस. बसत होती.

"झालं," दादा पेन्सिल ठेवत म्हणाला. "बघ, आहेत का कुठे डोंगर? उचलू का आता हात? मुंग्या आल्या."

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून सगळे पोचले नाहीत."